हरित दावे व व्यापारचिन्हे (भारत)

मालाचे नाव, बोधचिन्ह किंवा वेष्टनावरचा शिक्का यांतून केलेला पर्यावरणपूरकतेचा दावा आणि त्याला लागू होणारे कायदे. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘बायो’ यांसारखा शब्द वा हिरवे पान ब्रँडमध्येच गुंफले, की दावा वेगळ्या वाक्यात करावा लागत नाही, आणि तो पडताळणीतून सहज निसटतो.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९च्या कलम ९ नुसार मालाचा गुण नुसता सांगणारे चिन्ह सहसा नोंदवता येत नाही; लोकांना फसवणाऱ्या चिन्हालाही मनाई आहे. त्यामुळे ‘इको’ हा शब्द खऱ्या मालावर वर्णनात्मक ठरतो आणि खोट्यावर फसवा. घडवलेले जोडनाव किंवा सूचक चित्र मात्र दोन्ही कसोट्यांतून पार होऊ शकते. मुंबईत मुख्य कार्यालय असलेली व्यापारचिन्ह नोंदणी चिन्ह तपासते, कारखाना नव्हे. नोंदणीच्या व्यापारचिन्ह जर्नलमध्ये जाहिरात आल्यापासून ४ महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो, आणि कलम ५७ खाली नोंद रद्दही करून घेता येते. पण नोंदणी १० वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी माल आता कसा बनतो हे कोणी विचारत नाही. वर्तुळातला ‘आर’ नावावरचा हक्क दाखवतो. ग्राहक त्याला सरकारी पसंती समजतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष.

प्रमाणन चिन्हाचे तसे नाही. ज्या मालाला प्रमाणित करायचे त्याच मालाचा व्यापार करणाऱ्याला ते कलम ७० नुसार आपल्या नावे नोंदवता येत नाही. कंपनीने स्वतःच छापलेल्या ‘पृथ्वीस्नेही’ शिक्क्याला हा आधार नसतो. १९९१ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘इकोमार्क’चे बोधचिन्ह मातीचे मडके होते, २०२४ मध्ये या योजनेचे नियम नव्याने आले.

चिन्ह दिसते पण त्यामागची अट दिसत नाही, याचे ‘कंपोस्टेबल’ पिशवी हे नेहमीचे उदाहरण. आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक औद्योगिक कंपोस्टिंगमधील विघटन पाहते, आणि तिथे उष्णता बराच काळ ५० अंशांपलीकडे टिकवली जाते. पिशवीवर पान छापलेले असते, ही अट ठळक नसते. नाल्यात पडलेल्या पिशवीला ती उष्णता मिळत नाही.

अशा दाव्यांवर प्रत्यक्ष चाप ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लावतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या १५ ऑक्टोबर २०२४च्या ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘इको-फ्रेंडली’सारखा मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाही, आणि दावा संपूर्ण मालाबद्दल आहे, प्रक्रियेबद्दल की वेष्टनाबद्दल, हे सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख, पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची हरित दाव्यांबाबतची स्वनियमनाची तत्त्वे १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत.

प्राधिकरणाच्या तत्त्वांत सर्वसाधारण रंगसंगती व चित्रांना, ती फसवी नसतील तर, सूट आहे. नेमके हिरवे पान या सवलतीच्या आड उभे राहते, आणि ते फसवे आहे हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशात उलटा मार्ग धरला : प्रमाणन योजनेचा किंवा सरकारी यंत्रणेचा आधार नसलेल्या शाश्वततेच्या शिक्क्यावर सरसकट बंदी.