"आपलं कवा दावत्यात?": आटपाडी, टीव्ही आणि टीआरपी

आजचा एपिसोड आमच्या आटपाडीचा आणि टीव्हीवरच्या बातम्यांचा.

ऑक्टोबर २०२० आठवतोय? महिन्याच्या मध्यावर सांगली-सोलापूर भागात तुफान पाऊस झाला. आमच्याकडं डाळिंबाच्या बागांत पाणी साचलं. आजी टीव्हीपुढं बसून होती. तिथं मात्र टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांवरून चॅनेलवालेच एकमेकांशी भांडत होते. शेवटी ती म्हणाली, "आरं, आपलं कवा दावत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला जरा मागं जावं लागलं.

१९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. पुढाकार नागनाथअण्णा नायकवडींचा, म्हणजे प्रतिसरकारात इंग्रजांशी लढलेला माणूस. १३ दुष्काळी तालुके एकत्र आले आणि परिषद वर्षानुवर्षं भरत राहिली. आज तालुक्यात टेंभूचं पाणी दिसतं, त्यामागं ही चळवळ आहे.

त्याच काळात केबल घरोघरी येत होती. दूरदर्शन सरकारच्या कलानं चालायचं, हे खरंच. त्यामुळं २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आलं, तेव्हा वाटलं की आता आपल्यालाही कुणी विचारेल.

पण चॅनेल चालतं जाहिरातींवर आणि जाहिराती मिळतात टीआरपीवर. टीआरपी मोजणाऱ्या 'टॅम'चे मीटर शहरांत होते, खेड्यांत नव्हतेच. नंतर आलेल्या 'बार्क'ने खेड्यांचे आकडे दिले, त्याला ऑक्टोबर २०१५ उजाडला. म्हणजे इतकी वर्षं आजी रोज बातम्या बघत होती, पण हिशेबात ती नव्हतीच!

मग २०१५ नंतर काय बदललं? फारसं नाही. २०२० मध्ये देशात टीव्हीची घरं २० कोटींच्या आसपास आणि मीटर सुमारे ४४ हजार घरांत. शिवाय स्टुडिओत चार जणांना भांडायला बसवणं स्वस्त पडतं. आटपाडीला गाडी, कॅमेरा, रिपोर्टर पाठवायचा तर खर्च येतो. त्या घोटाळ्याच्या आरोपांनंतर बार्कने न्यूज चॅनेलचे आकडेच थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या मीडिया ट्रायलवर ताशेरे ओढले.

पक्षपात म्हटलं की आपण फक्त कोणता अँकर कोणत्या पक्षाचा एवढंच बघतो. पण कुणाची बातमी करायचीच नाही, हाही पक्षपातच. आणि त्याची किंमत गावं मोजतात. नुकसान दिसलं नाही, तर पंचनाम्यासाठी दबाव कोण आणणार?

हे सगळं मी आजीला सांगितलं. वर म्हणालो, आता मोबाईलवर प्रत्येकाचं बघणं मोजलं जातं. भांडणाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, की तसलेच आणखी येतात.

ती म्हणाली, "मग तुमी तरी नीट बघा की."

पटलं मला. तुमच्या गावची कुणीच न दाखवलेली एक बातमी व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.