जखम भरली, आग मात्र विझली नाही: मज्जातंतूंच्या वेदनेला नाव कसे मिळाले

१/ अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-६५) काही जखमी सैनिक पाण्याची बाटली आणि स्पंजाचा तुकडा सदैव जवळ बाळगीत. ते पाणी पिण्यासाठी नव्हते. ज्या हाताची जखम केव्हाच भरून आली होती, तो हात अष्टौप्रहर ओला ठेवण्यासाठी होते. हात कोरडा पडला की त्याची आग होई. ही त्या आगीची कथा.

२/ या युद्धात मिनिए गोळीचा सर्रास वापर झाला. मऊ शिशाची ही शंकूच्या आकाराची गोळी शरीरात शिरताच चपटी होई आणि वाटेतील हाडामांसाची चाळण करी. मज्जातंतू पूर्ण तुटला, तर अवयव बधिर होई. तो अर्धवट दुखावला, तर मात्र कित्येकदा असह्य दाह सुरू होई.

३/ डॉक्टरांपुढे पेच होता. जखम कोरडी, हाड सांधलेले, तरीही रुग्ण तळमळतो. रणांगण टाळण्यासाठी दुखण्याचे सोंग करणारेही छावण्यांत होतेच. त्यामुळे ज्याची वेदना डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर पहिला शिक्का बसे तो कामचुकारपणाचा.

४/ सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड आणि फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल हे जुने स्नेही. मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांना एकाच ठिकाणी ठेवण्याची सोय हॅमंड यांनी करून दिली. त्यातूनच फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालय उभे राहिले. मिचेल यांच्या जोडीला जॉर्ज मोअरहाउस आणि तरुण विल्यम कीन होते.

५/ इतरत्र एखाददुसरा आढळणारा रुग्ण येथे खाटेला खाट लावून भेटू लागला. तिघांनी प्रत्येकाला विचारले: नेमके कोठे दुखते? कशाने वाढते? कशाने शमते? मिळालेली उत्तरे त्यांनी बारकाईने टिपून ठेवली.

६/ त्या नोंदी वाचताना आजही अंगावर काटा येतो. वर्तमानपत्राची सळसळ, वाऱ्याची झुळूक, शेजारून चालत गेलेल्या सोबत्याचे पाऊल, लष्करी बँडचा नाद, एवढ्यानेही वेदना उसळे. कोणी बुटांत पाणी ओतून चाले. त्वचा तांबूस, पातळ आणि तुळतुळीत होई. शांत स्वभावाचा माणूस चिडखोर होई, शूर शिपाई स्पर्शाला भिई.

७/ विशेष असे की, हेच तिघे भोळेपणाने विश्वास ठेवणारे नव्हते. सोंग कसे ओळखावे, यावर १८६४ मध्ये त्यांनीच स्वतंत्र निबंध लिहिला. संशयिताला ईथर देऊन, शुद्ध हरपताना 'लुळा' अवयव हलतो का, हे ते पाहत. या कठोर तपासणीमुळेच खऱ्या पीडिताच्या शब्दाला वजन आले.

८/ उपचार काय होते? ओल्या पट्ट्या, त्वचेवर फोड उठवणारी औषधे आणि नव्याने प्रचारात येत असलेली मॉर्फिनची सुई. मॉर्फिनने वेदना दबे. रोग हटत नसे. मॉर्फिन आणि ॲट्रोपिन यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, याची निरीक्षणेही या तिघांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केली.

९/ रुग्णालयातील अनुभवांचे त्यांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. दाहाला नाव मात्र नंतर मिळाले, तेही एका मित्राच्या सूचनेवरून. वैद्यकीय कोशकार रॉब्ली डंग्लिसन यांनी 'उष्णता' आणि 'वेदना' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून 'कॉझाल्जिया' ही संज्ञा सुचवली. मराठी माणूस 'दुखते' आणि 'आग होते' यांत जो भेद सहज करतो, तोच भेद आता वैद्यकाच्या भाषेत आला.

१०/ युद्ध संपले, वेदना संपली नाही. मिचेल यांचे पुत्र जॉन हेही डॉक्टर झाले. वडिलांच्या जुन्या रुग्णांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला आणि १८९५ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. गोळी लागून तीन दशके लोटली, तरी काहींचे दुखणे सुटले नव्हते.

११/ पुढे पहिल्या महायुद्धात फ्रेंच शल्यविशारद रने लरिश यांनी अनुकंपी मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करून हा दाह शमवण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी रुग्णालयात असेच रुग्ण पाहणारे जॉन बोनिका यांनी आग्रह धरला की, एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले हे काम नाही, अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसले पाहिजे. आजची वेदनाचिकित्सा केंद्रे याच विचारावर चालतात. १९९४ मध्ये कॉझाल्जियाचे नाव बदलून 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, प्रकार दोन' असे झाले.

१२/ टर्नर्स लेनला रामबाण औषध सापडले नाही. अशा वेदनेवर ते आजही नाही. पण तेथे एक क्रम ठरला: आधी ऐकून घ्यायचे, मग तपासायचे, लिहून ठेवायचे आणि योग्य जागी पोचवायचे. ओला स्पंज हातात धरून बसलेल्या त्या सैनिकाला 'तुझे दुखणे खरे आहे' असे प्रथम सांगितले गेले, आणि उपचाराचा शोध तेथूनच सुरू झाला.