गिटारला मैफल कोणी मिळवून दिली?

विषय वाचून काहींना आश्चर्य वाटलं असेल. ठाकुर्लीत राहणारा, सत्तरी ओलांडलेला, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गिटारवर काय बोलणार? म्हणून आधी एक कबुली देतो. १९८०च्या दशकात माझी मुलगी शाळेत होती आणि तिला गिटार शिकायची होती. मी म्हटलं, ‘ते सहलीत वाजवायचं वाद्य. शिकायचंच असेल तर आपलं काहीतरी शीक. पेटी शीक.’ ती पेटी शिकली आणि दोन वर्षांत सोडूनही दिली. मी निवृत्त झाल्यावर तिनंच मला एक गिटार आणून दिली. तेव्हापासून रोज सकाळी तासभर मी तिच्याशी झटतो; वाजवतो असं म्हणायचं धाडस होत नाही. माझ्या त्या जुन्या उत्तरातला ‘आपलं’ हा शब्द आज मला तुमच्यासमोर तपासायचा आहे.

पेटी आपली कशी? ती तर युरोपातून आली. नभोवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप असा की तिच्यात मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज. आक्षेप खोटा नव्हता. पण तोवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत पेटी अशी वाजवली होती की लोकांनी सरकारी निकालाची वाट पाहिली नाही. जे वाद्य नभोवाणीनं तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, तेच मी मुलीला ‘आपलं’ म्हणून दिलं! इतिहास ठाऊक नसला की माणूस असा बोलतो.

दुसरं उदाहरण शेजारचंच. पुढचंच स्टेशन डोंबिवली. तिथं उतारवयात पंडित गजाननबुवा जोशी राहत होते. जन्म १९११, निधन १९८७. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची गायकी कमावलेला हा गवई व्हायोलिनही तितक्याच अधिकारानं वाजवी. व्हायोलिन परदेशी, पण तिच्या पट्टीवर पडदे नाहीत. बोट घसरवलं की मींड निघते, आणि गज चालू आहे तोवर स्वर टिकतो. गळ्यातली गायकी हातात उतरायला अडचण नाही.

गिटारची खरी अडचण इथंच आहे. तिला धातूचे पडदे असतात आणि ते हलत नाहीत. ते कुठं बसवायचे याचं गणित जुनं आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ सालच्या ग्रंथात अठरास सतरा हे प्रमाण सांगितलं: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा आणि तिथं पुढचा पडदा बसवा. त्यानं सप्तकाचे बारा जवळजवळ सारखे भाग पडतात. आता सतारीलाही पडदे असतातच. पण ते बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात, आणि रुंद दांडीवर तार आडवी ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. गिटारची नायलॉनची तार तशी ओढली तर स्वर जेमतेम हलतो. शिवाय छेडलेला स्वर लगेच विझू लागतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आपलं संगीत उभं आहे, स्वराचा टिकाव आणि मींड, त्या दोन्हींत गिटार उणी.

पण मंडळी, गिटार तिच्या स्वतःच्या घरीही उणीच मानली जात होती. एकोणिसाव्या शतकातल्या स्पेनमध्ये ती गुत्त्यात, न्हाव्याच्या दुकानात, नाचाच्या साथीला. मैफल होती पियानोची आणि व्हायोलिनची. हे बदललं कसं, याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी सुताराची. आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७ ते १८९२) यानं गिटारचं अंग मोठं केलं, वरची फळी पातळ ठेवली आणि तिच्या आतून पंख्यासारख्या पट्ट्या लावल्या. आवाज फळीतून येतो हे दाखवण्यासाठी त्यानं एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. दुसरी पायरी फ्रान्सिस्को तार्रेगा याची. त्यानं हातांची शिस्त घालून दिली आणि पियानोच्या रचना गिटारवर आणल्या.

तिसरी पायरी आंद्रेस सेगोव्हिया. जन्म १८९३. बऱ्याच अंशी स्वतःच शिकलेला. १९०९ साली ग्रानादात पहिला कार्यक्रम, १९२४ मध्ये पॅरिस, १९२८ मध्ये न्यूयॉर्क. १९३५ साली पॅरिसमध्ये त्यानं बाखची शाकोन वाजवली. ही मूळ एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली, व्हायोलिनवाल्यांची कसोटी पाहणारी रचना. आणि ती गिटारवर! बाख ज्या वाद्यावर उभा राहतो त्याला गुत्त्यातलं म्हणणं अवघड झालं. शिवाय त्यानं तोर्रोबा, पोन्से, व्हिला-लोबोस अशा रचनाकारांकडून गिटारसाठी नवं संगीत लिहून घेतलं. म्युनिकच्या हेरमान हाउझरनं १९३७ साली बनवलेली गिटार त्यानं पंचवीस वर्षं वाजवली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारा मिळेनात, तेव्हा अल्बर्ट ऑगस्टीनच्या नायलॉनच्या तारा त्यानं उचलून धरल्या. माझ्या गिटारवर आज नायलॉनच आहे, ते त्यामुळे. सेगोव्हियाही १९८७ सालीच गेला, गजाननबुवा गेले त्याच वर्षी. मुलीला मी ‘सहलीतलं वाद्य’ म्हणालो तेव्हा हा माणूस हयात होता आणि नव्वदीत कार्यक्रम करत होता.

भक्ती असावी, पण डोळे उघडे ठेवून. फ्रँक मार्टिन यानं १९३३ साली सेगोव्हियासाठी चार छोट्या रचना लिहिल्या. त्यानं त्या कधीच वाजवल्या नाहीत. नव्या वळणाचं संगीत त्याला रुचत नसे. ते काम पुढच्यांनी केलं. इंग्लंडचा ज्यूलियन ब्रीम शिकत होता तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेजात गिटार हा विषयच नव्हता. वाद्य इमारतीत आणू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. त्याच ब्रीमसाठी १९६३ साली बेंजामिन ब्रिटननं ‘नॉक्टर्नल’ लिहिलं. म्हणजे मी एकटाच तसा बाप नव्हतो. मोठमोठी विद्यालयंही माझ्याच बाकावर बसलेली होती.

आता माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येतो. विझणाऱ्या स्वरांतून सलग ओळ कशी तयार होते? तार्रेगाची ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’ ही रचना ऐका. अंगठा खालचे स्वर धरतो आणि तीन बोटं एकाच तारेवर पाठोपाठ पडत राहतात. खरं पाहता तिथं फक्त सुटे ठिपके आहेत. पण कान ते जोडतो आणि आपल्याला अखंड धार ऐकू येते. वादक अर्धी ओळ देतो, उरलेली ऐकणारा पुरी करतो. थोर वादकाला हे नेमकं ठाऊक असतं. भोकाजवळ छेडलं की स्वर गोड, घोडीजवळ छेडलं की टणक. नखाचा स्वर वेगळा, मांसाचा वेगळा. सेगोव्हियाच्या एका स्वरात हे सगळे रंग येतात. माझं म्हणाल तर परवा लसूण सोलताना नख तुटलं आणि आठ दिवसांचा रियाज बसला.

मग आपल्याकडे हे वाद्य आलंच नाही का? गोव्यात ते केव्हाच आलं होतं. मांडोच्या साथीला घुमट आणि व्हायोलिनबरोबर गिटार असतेच. गोव्याच्या वादकांनी ती मुंबईत आणली, सिनेमात नेली. रागसंगीतात तिला बसवलं जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या या शिष्यानं गिटार आडवी ठेवली आणि पडद्यांना न जुमानता तारेवरून धातूची कांडी फिरवली. मींड मोकळी झाली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर आणि गिटारवर काब्रा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती तबकडी असेल. सेगोव्हियानं गिटारच्या मर्यादेतच राहून तिला मोठं केलं, काब्रांनी ती मर्यादा ओलांडली. दोन्ही वाटा खऱ्या.

आणि एक गंमत सांगतो. मैफलीच्या गिटारची पाठ पूर्वी ब्राझीलच्या शिसवीची असे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली, आणि जगभरचे कारागीर भारतीय शिसवाकडे वळले. आजोबांचा शिसवी पलंग ज्या जातीच्या लाकडाचा, त्याच जातीच्या, आपल्या पश्चिम घाटात वाढणाऱ्या झाडाच्या पाठी लंडन-माद्रिदच्या रंगमंचांवर घुमतात. आणि मी ठाकुर्लीत बसून म्हणत होतो, ते आपलं नव्हे!

वाद्याला जात नसते, मंडळी. कोणीतरी आयुष्य घातलं की त्याला मैफल मिळते, आणि ऐकणाऱ्यानं कान दिला की ते आपलं होतं. घरी गेल्यावर सेगोव्हियाची शाकोन एकदा शांतपणे ऐका, मग काब्रा ऐका. आणि घरात कुणी पोर गिटार मागत असेल, तर नाही म्हणण्याआधी एक आठवडा थांबा. माझी मुलगी आता म्हणते, ‘बाबा, तुमचा अंगठा अजून कडक पडतो.’ तिचं बरोबर आहे.

आता प्रश्न विचारा.