मोत्यांचा गालिचा आणि शाळेची पाटी

नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ, कस्तुरबा गांधी मार्गावर बडोदा हाऊस ही घुमटाची भव्य वास्तू उभी आहे. आज तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. एडविन लुटियन्स यांनी तिचा आराखडा केला तो बडोद्याच्या गायकवाडांसाठी. राजधानीतील या मराठी राजवाड्याची कचेरी झाली, त्यामागे एका राजसत्तेच्या अस्ताची कहाणी आहे.

राजवैभव आणि क्रांती म्हटले की प्रथम फ्रान्स आठवतो. तेथील खजिना रिता होण्यास युद्धांची कर्जे मुख्यतः कारणीभूत होती. परंतु उपाशी प्रजेच्या डोळ्यांत सलला तो व्हर्सायचा थाटमाट. १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. बडोद्यात रक्ताचा थेंबही न सांडता सिंहासन गेले. असे का घडले, हे पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या श्रीमंतीची ख्याती दूरवर पसरली होती. खंडेराव गायकवाड यांनी मोत्यांनी मढवलेला गालिचा करवून घेतला. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांच्या नावाशी सोन्याच्या तोफांची कीर्ती जोडली गेली. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या, इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोपही झाला. चौकशी आयोगातील सभासदांचे एकमत झाले नाही. तरीही गैरकारभाराचा ठपका ठेवून १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. राजा गेला, पण त्याला घालवणारी सत्ता परकी होती. प्रजेला कोणी काही विचारले नाही.

त्याच वर्षी खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेतले. हेच महाराज सयाजीराव. तेही विरक्त नव्हते. लक्ष्मीविलास राजवाडा त्यांनीच उभारला. मात्र राज्याचा पैसा ही प्रजेची ठेव आहे, ही जाणीव त्यांनी कारभारात मुरवली. १९०६ साली त्यांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गावोगावी ग्रंथालये निघाली. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

सयाजीराव १९३९ साली निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. राज्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा असताना, तो राजाला लागू नाही असा अर्थ लावून १९४३ मध्ये त्यांनी सीतादेवींशी दुसरा विवाह केला. शर्यतीच्या घोड्यांचा त्यांना विलक्षण शौक होता. १९४५ मध्ये इंग्लंडात त्यांनी एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले आणि त्याला आजोबांचे नाव दिले. सप्टेंबर १९४७ मध्ये, देश फाळणीच्या आगीत होरपळत असताना, त्या 'सयाजीराव' घोड्याने सेंट लेजर ही नामांकित शर्यत जिंकली.

इकडे खजिन्यातून मोठ्या रकमा आणि जडजवाहीर काढल्याचे उघडकीस येत होते. प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीचा आग्रह धरला. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्याकडे राज्याची दिवाणगिरी आली, आणि १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. प्रतापसिंहरावांना वार्षिक २६.५ लाख रुपयांचा तनखा ठरला होता. पण १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली आणि ती त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने सर्वच संस्थानिकांचे तनखे संपुष्टात आले.

या पालटामागे स्वातंत्र्य आंदोलनाचे बळ होते आणि दिल्लीतील नव्या सरकारचा निर्धारही होता. तथापि बडोद्यापुरते आणखी एक कारण सांगितले पाहिजे. ज्या प्रजेला एका राजाने अक्षरओळख करून दिली, तीच पुढे त्याच्या वारसाकडे हिशेब मागू शकली. हिशेब मागता येणाऱ्या प्रजेला शस्त्र उचलावे लागले नाही.

मोत्यांचा तो गालिचा २००९ साली दोहा येथील लिलावात विकला गेला. जवाहिरांना नवे धनी मिळाले, वाड्यात कचेरी आली. सयाजीरावांच्या शाळांतून जे बाहेर पडले, त्यांची विद्या मात्र लिलावात निघण्याजोगी नव्हती. आपल्या गावापासून दूर, दिल्लीसारख्या नगरीत मराठी शाळा उभारून ती चालवणाऱ्या पिढ्यांनी आपली पुंजी कोठे गुंतवली, याचे मोल या तुलनेतून सहज उमगावे.