उड्या घेणाऱ्या लहरी

खिशातला फोन कानातल्या इअरफोनशी ब्लूटूथने बोलतो, तेव्हा ती दोघे एका लहरीवर स्थिर राहत नाहीत. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत ७९ लहरींवरून सेकंदाला १६०० उड्या घेतल्या जातात.

ही युक्ती मात्र जुनी, आणि युद्धकाळातली. मूळची व्हिएन्नाची चित्रतारका हेडी लमार व अमेरिकन संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली तिचे पेटंट मिळाले. रेडिओच्या आज्ञेने चालणाऱ्या टॉर्पेडोला शत्रूने त्याच लहरीवर गोंगाट करून भरकटवू नये, म्हणून आज्ञा देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकाच क्षणी लहर बदलावयाची. दोहोंकडे सारख्याच छिद्रांच्या कागदी गुंडाळ्या. लहरी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या! संगीतकाराचा हात येथे लपत नाही. आरमाराने त्या युद्धात ही कल्पना बाजूस ठेवली. १९५९ साली पेटंटाची मुदत संपली. दोघांच्या हाती पैसा लागला नाही.

ब्लूटूथ त्या पेटंटातूनच जन्मले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे काम १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले. तत्त्व मात्र तेच. कागदी गुंडाळीची जागा आता घड्याळाने व गणिताने घेतली आहे. आणि शत्रूच्या जागी आली आहे स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी, कारण तिचा गोंगाटही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच आसपास चालतो.