औंढ्याचा विसोबा आणि पंथाबाहेरची वाट

औंढा नागनाथच्या मंदिरात पहिल्यांदा येणारा भाविक सवयीने गाभाऱ्यासमोर नंदी शोधतो. इथे नंदी मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. मंदिराचा खालचा भाग यादवकाळातला, शिल्पांनी भरलेला. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला, त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. पिंड जमिनीखालच्या अरुंद गाभाऱ्यात आहे, तिथे वाकूनच उतरावे लागते. नंदी मागे का, असे गावात कुणालाही विचारले तर तेच उत्तर मिळते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले.

या कथेची जुनी लेखी नोंद मराठी मुलुखात नव्हे, पंजाबात सापडते. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदे आहेत. देवळातून हाकलून दिल्याचे, जातीवरून हिणवल्याचे आणि मग देऊळ भक्ताकडे वळल्याचे त्यांतल्या एका पदात येते. पदात औंढ्याचे नाव नाही. पण औंढ्याच्या लोकांनी ती आठवण आपल्या दगडांशी बांधून ठेवली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितली.

याच देवळाशी जोडलेली दुसरी कथा इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ती आहे विसोबा खेचराची. परंपरा सांगते की संतमंडळींच्या मेळाव्यात गोरोबा काकांनी थापटणे घेऊन एकेकाची परीक्षा केली आणि नामदेव कच्चे मडके ठरले. विठ्ठलाशी रोज बोलणारा हा भक्त दुखावला आणि देवाकडे तक्रार घेऊन गेला. देवाने त्याला गुरू करायला सांगितले आणि औंढ्याच्या देवळाकडे पाठवले. नामदेव तिथे पोचले तेव्हा एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपला होता. नामदेवांनी त्याला पाय काढायला सांगितले. म्हातारा म्हणाला, माझ्याने हलवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड उभी राहू लागली. मक्केत काबाच्या दिशेला पाय करून झोपलेल्या गुरू नानकांची कथा जनमसाख्यांत येते, तिचाही गाभा हाच आहे. महिपतीने 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’ने विसोबाची ही गोष्ट घराघरांत पोचवली.

चमत्काराची साल काढली तरी प्रश्न उरतोच. हा विसोबा कोण होता, आणि वैष्णव नामदेवाला गुरू म्हणून शैव माणसाकडे का जावे लागले?

संतपरंपरेत विसोबाचे पहिले रूप फारसे चांगले नाही. आळंदीच्या परिसरात राहणारा, शिवाची उपासना करणारा, ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांचा द्वेष करणारा माणूस म्हणून तो भेटतो. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या त्या भावंडांना कुंभाराकडून भांडेही मिळू नये अशी तजवीज तो करतो. मग मुक्ताबाईने ज्ञानदेवाच्या पाठीवर मांडे भाजले, ते पाहून त्याचा अहंकार गळाला आणि आपल्यापेक्षा वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईला त्याने गुरू मानले. इथे चमत्कारापेक्षा नाते बोलके आहे. शास्त्र जाणणारा वयस्क पुरुष एका बहिष्कृत मुलीपुढे वाकतो. पंथ, वय, स्त्री-पुरुष भेद आणि ब्रह्मवृंदाचा निवाडा अशी चार कुंपणे तो एकदम ओलांडतो. तेराव्या शतकातच काय, आजही हे सोपे नाही.

विसोबाच्या बाबतीत आपण निव्वळ कथांवर अवलंबून नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी त्याचा ‘षट्स्थळ’ हा ग्रंथ उजेडात आणला आणि चित्र बदलले. षट्स्थल ही वीरशैवांची कल्पना. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशा सहा टप्प्यांनी साधक शिवाशी एकरूप होतो, असे ती मानते. म्हणजे वारकऱ्यांचा आद्य कीर्तनकार ज्याला गुरू म्हणतो, तो माणूस शैव परिभाषेत मराठी ग्रंथ लिहीत होता. त्याने शिव टाकला नाही. विठ्ठलभक्ताला शिष्य करताना त्याला आधी शैव हो, असेही सांगितले नाही. पंथ सोडणे वेगळे आणि पंथात न मावणे वेगळे. विसोबा दुसऱ्या प्रकारचा माणूस होता, आणि मराठी धर्मेतिहासात त्याला मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

तो काळच तसा होता. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी देवळापेक्षा देहाला मोठे केले होते. गोदावरीच्या काठाने महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी फिरत होते. महानुभावांच्या आठवणींत शास्त्री-पंडितांच्या अशा वळणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. वादात हरवायला आलेला म्हाइंभट शिष्य होऊन राहिला आणि गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी गोळा करत बसला. त्यातून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. पुढे आचार्य नागदेवांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्याला सरळ नकार दिला, कारण त्यामुळे संप्रदायातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या गेल्या असत्या. नाथपंथ होता, वीरशैव होते, वारकरी होते, महानुभाव होते. या सगळ्यांच्या वाटा मराठवाड्याच्या याच टापूत एकमेकींना छेदत होत्या.

या गर्दीत नामदेव वेगळे दिसतात ते त्यांच्या पुढच्या वाटचालीमुळे. परंपरेनुसार त्यांचा जन्म 1270 चा, दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी. जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. एक बाजू पंढरपूर सांगते, दुसरी कयाधू नदीकाठची नर्सी. हिंगोली जिल्ह्याने या वादात कधीच माघार घेतलेली नाही, गावाचे नावच आता नर्सी नामदेव झाले आहे. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर धडक मारली. नामदेवांना पुढे अर्धशतकाहून अधिक आयुष्य मिळाले आणि त्यातला मोठा काळ ते उत्तरेत हिंडले. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांच्या मुक्कामाचे गाव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. मराठी अभंगांतला नामदेव विठ्ठलाशी लेकरासारखा भांडतो. या पदांतला नामदेव देऊळ आणि मशीद दोन्हींच्या पलीकडे पाहतो. दोघांतला फरक इतका आहे की काही अभ्यासकांनी हे दोन वेगळे नामदेव असावेत, असेही म्हटले. पण मध्ये औंढ्याची पिंड आणि विसोबाचे पाय ठेवले की हा प्रवास एकाच माणसाचा वाटू लागतो.

नामदेवांनी विठ्ठल सोडला का? नाही. उत्तरेतल्या पदांतही विठ्ठल येतो. सुटला तो मध्यस्थ.

हे नेमके कसे घडले, ते कीर्तनात दिसते. देवळात पुजारी लागतो, गाभारा लागतो, कोणी कुठपर्यंत यायचे ते ठरलेले असते. कीर्तनाला वाळवंट पुरते. वीणा, टाळ, मृदंग आणि ऐकणारे चार लोक असले की झाले. नामदेवांच्या भोवती जनाबाई होती, चोखामेळा होता. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणून महाद्वारासमोर ठेवल्या, असे परंपरा सांगते. ज्याला देवळात प्रवेश नव्हता त्याला देवळाच्या दारातच कायमची जागा देणे, ही कृती कुठल्याही प्रवचनाहून धीट होती. पुढे नामदेवांची समाधीही तिथल्याच पायरीखाली झाली. नामदेवांवर 2008 मध्ये पुस्तक लिहिणारे अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेत्झकी यांनी दाखवून दिले आहे की हा सगळा वारसा पोथ्यांपेक्षा कीर्तनकारांच्या बाडांतून आणि तोंडून टिकला.

पंथातून बाहेर पडणाऱ्या धर्मगुरूंच्या कहाण्या जगभर आहेत. राल्फ वाल्डो इमर्सन 1832 मध्ये बोस्टनच्या चर्चचे पाद्रीपण सोडून निघाले, कारण प्रभुभोजनाच्या विधीवर त्यांचे मन बसेना. बाहेर पडल्यावर ते व्याख्याते झाले आणि लेखक झाले. पण व्याख्यानाला येणारा श्रोता उठून आपापल्या घरी जातो, तिथे सांप्रदायिक सोबत तयार होत नाही. बाहेर पडलेल्याला सोबत कुठून मिळते, हा या सर्व कहाण्यांतला कळीचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वांत मनापासून झुंजलेला धर्मगुरू म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. घरदार दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि मधल्या वर्षांची ओढाताण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत राहिले, पाद्री झाले, त्यांनी मराठी उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. पण परदेशी मिशनची चौकट त्यांना काचू लागली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले. संन्यस्त वृत्ती पत्करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे सारखी जागा होती. चर्चच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता, कारण बाप्तिस्मा हाच तिथला उंबरठा असतो.

टिळक 1919 मध्ये गेले. दरबाराला मुळे धरायला दोनच वर्षे मिळाली आणि तो टिकला नाही. टिकली ती त्यांची भजने, जी मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. संस्था विरली आणि गाणे उरले, हे नामदेवांच्या वाटेशी फार जुळणारे आहे.

अर्थात चौकट न मानवणारा प्रत्येक धर्मगुरू बाहेरच पडतो असे नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखेरपर्यंत कॅथलिक धर्मगुरू राहिले आणि तरीही वारकरी संतांवर त्यांनी जीव लावला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गोरोबा काकांचे तेर त्याच जिल्ह्यातले.

त्याआधी 2015 मध्ये साहित्य संमेलन थेट घुमानला भरले होते, सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली. त्या निमित्ताने पुष्कळ मराठी माणसांना पहिल्यांदा कळले की पंजाबातले एक गाव बाबा नामदेवांना शतकानुशतके आपले मानते. उलट दिशेने नर्सीला शीख भाविक पूर्वीपासून येतात, नांदेडच्या हुजूर साहिबचे दर्शन घेऊन पुढे येणारे त्यांत बरेच असतात. नर्सीत गुरुद्वाराही आहे.

हिंगोली हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. त्याआधी निजामाची लष्करी छावणी हीच शहराची ओळख होती. बातम्यांत तो येतो तो दुष्काळ, हळद आणि सोयाबीनच्या भावाने. पण मराठी धर्मविचारातल्या एका मोठ्या वळणाच्या दोन्ही खुणा, औंढा आणि नर्सी, याच जिल्ह्यात आहेत. औंढ्याला ज्योतिर्लिंग म्हणून माणसे येतात, नर्सीला नामदेवांसाठी. विसोबासाठी मुद्दाम येणारे थोडेच.

आषाढ वद्य एकादशीला नर्सीत परतवारी भरते, हजारो वारकरी पंढरीहून माघारी येताना इथे टेकतात. त्या दिवशीच्या कीर्तनकारांनी निरूपणाला गुरू ग्रंथसाहिबातले नामदेवांचे एखादे पद घ्यावे आणि उत्तररंगात औंढ्याच्या विसोबाची गोष्ट सांगावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी ‘षट्स्थळ’ आपल्या ग्रंथालयात आणून मुलांच्या हाती द्यावे. तो ग्रंथ मराठीत आहे, आणि त्याला आपला मानण्याचा पहिला हक्क याच जिल्ह्याचा आहे.