डी-डायमरची गोष्ट

गेल्या महिन्यात आत्याच्या छातीत दुखायला लागलं. वय ७४. रात्री साडेदहाला इस्पितळात नेलं. ईसीजी झाला, ट्रोपोनिन दोनदा झालं, दोन्ही ठीक. पण श्वास घेताना दुखतंय म्हणून डॉक्टरांनी डी-डायमर करायला सांगितलं. रिपोर्ट आला ६२०, आणि शेजारी छापलेलं, 'नॉर्मल ५०० च्या खाली'. झालं! २०२१ मध्ये धाकटा काका गेला त्या पंधरवड्यात हा शब्द घरात रोज ऐकला होता. सगळ्यांचे चेहरे उतरले.

डॉक्टर मात्र शांत. "ताई, आत्यांच्या वयाला दहाने गुणा बरं."
"७४०."
"मग ६२० कमीच आहे की."

हे काय गणित, म्हणून घरी येऊन वाचत बसले.

फुप्फुसात सापडणारी गुठळी बऱ्याचदा पायाच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत रुडॉल्फ विरशॉने दाखवलं. हृदयाच्या धमनीत अचानक गुठळी होऊनही माणूस वाचू शकतो, हे १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिकने लिहिलं. तरी गुठळीमुळे झटका येतो की झटक्यामुळे गुठळी होते, हा वाद १९७० च्या दशकातही चालूच होता! १९८० साली अमेरिकेत डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतर चार तासांच्या आत १२६ रुग्णांच्या धमन्या तपासल्या. ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती.

आता डी-डायमर. गुठळी फायब्रिनच्या धाग्यांनी विणलेली असते. शरीर ती विरघळवायला लागलं की धाग्यांचे तुकडे रक्तात येतात. त्यातलाच हा एक. तो नेमका ओळखणारी अँटिबॉडी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तयार झाली. पण जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, नुसतं वय... कशानेही हा आकडा वाढतो. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यासाठी ट्रोपोनिनच कामाला येतं, आणि डी-डायमर वापरतात ते मुख्यतः फुप्फुसात गुठळी 'नाही' म्हणायला.

तेही आधी रुग्णाला नीट तपासून. पाय सुजलाय का, नाडी जलद आहे का, नुकतंच ऑपरेशन झालंय का, कर्करोग आहे का? कॅनडातल्या फिलिप वेल्स यांनी या प्रश्नांना गुण दिले. गुण कमी आणि डी-डायमरही कमी, तर पुढच्या स्कॅनची गरज नाही, हे त्यांनी २००१ साली दाखवलं.

म्हाताऱ्या माणसांची अडचण उरलीच होती, कारण त्यांचा आकडा ५०० च्या वरच असायचा. २०१४ साली युरोपातल्या ३,३४६ रुग्णांचा अभ्यास छापून आला. पन्नाशीनंतर वय गुणिले १० ही मर्यादा धरली. ५०० आणि या नव्या मर्यादेच्या मध्ये असलेल्या ३३१ जणांपैकी पुढच्या तीन महिन्यांत एकालाच गुठळीचा त्रास झाला.

आत्याचे गुणही कमी होते. स्कॅन केलाच नाही. दुखणं बरगडीच्या स्नायूचं निघालं, दिवाळीची जड पिंपं एकटीने हलवली होती!

काकाचा आकडा कितीतरी मोठा होता, आणि तेव्हा तो कोविडच्या तीव्रतेसाठी बघत होते. माझ्या मनात मात्र दोन्ही एकच झाले होते.

नातेवाईक मंडळी, एक विनंती. छातीत दुखलं तर आधी इस्पितळ गाठा, घरी गणित करत बसू नका. प्रत्येक लॅबचं एककही सारखं नसतं. आणि कुणाचा रिपोर्ट आला, तर तो ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.